सापाची अंडी, आपला छंद आणि आपली जबाबदारी



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत ओलसर माती आणि तिच्यावर अकरा पांढरी, लांबट अंडी. आजोबांच्या संत्र्याच्या वाडीत धुऱ्यावर पऱ्हाटीचा जुना ढीग होता, तो हलवताना ती सापडली होती. डोळ्यांत नुसती चमक. म्हणाला, "सर, ही सापाची आहेत. मी मोबाईलवर पाहिलं, लोक घरी सापाची पिल्लं काढतात. आपण पण काढू अन् विज्ञान प्रदर्शनात ठेवू."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा मला अधिकारही नव्हता, कारण असाच एक डबा वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः ठेवून घेतला होता. तेव्हा मी दुसऱ्या गावी नोकरीला होतो. अंडी धामणीची असावीत, असा माझा अंदाज होता. डबा प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला, झाकणाला चार भोके पाडली आणि विद्यार्थ्यांना रोज निरीक्षण लिहायला सांगितले. मग चार दिवस सुट्टी आली. सुट्टीनंतर शिपाईमामांनी खिडकी पुसायला डबा उचलला तर झाकण सरकलेले आणि आत बोटाएवढी पिल्ले इवला फणा काढून उभी. ती धामणीची नव्हती, नागाची होती. फुटलेली टरफले सात भरली आणि पिल्ले मिळाली पाच. उरलेली दोन शोधायला आम्ही दोन दिवस प्रयोगशाळा रिकामी केली. ती कधीच सापडली नाहीत. कोणाला दंश झाला नाही, हे आमचे नशीब. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

म्हणून हा लेख. सापाची आवड वाईट नाही, उलट फार चांगली आहे. पण साप पाळणे आणि त्याची पिल्ले काढणे म्हणजे नेमके काय, त्यात कायदा काय म्हणतो, खर्च व कष्ट किती आणि धोका कोणाला, हे एकदा सविस्तर पाहू.

आपल्या शिवारातले साप आणि कायदा

पहिली गोष्ट सरळ सांगतो. आपल्या देशातला कोणताही रानातला साप घरी पाळता येत नाही आणि त्याची पैदासही करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे वन्यप्राणी ही खाजगी मालमत्ता नाही. आपल्याकडचे नाग, घोणस (ज्याला आपण परड म्हणतो), धामण, अजगर, मांडूळ हे सर्व साप या कायद्याच्या परिशिष्टांत आहेत. अजगर तर परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे.

पुष्कळांना वाटते, आपण सापाला मारत नाही, मग गुन्हा कसला? येथे कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचायला हवी. तिच्यात मारणे आहेच. पण पकडणे, सापळा लावणे हेही आहे. शिवाय पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत अंड्यांची नासाडी करणे, इतकेच काय अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे, हेही शिकारीतच मोडते. म्हणजे पऱ्हाटीच्या ढिगातली अंडी उचलून डब्यात घालणे ही कायद्याच्या नजरेत शिकार आहे. मी वीस वर्षांपूर्वी जे केले तेही त्यातच बसत होते आणि मला ते ठाऊक नव्हते.

या कायद्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. परिशिष्ट १ मधील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अभ्यासासाठी किंवा शिक्षणासाठी साप हाताळायचा असेल तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी लागते. 'शाळेचा प्रकल्प आहे' एवढे तोंडी कारण पुरत नाही.

मांडुळाबद्दल पालकांनी विशेष लक्ष द्यावे. बोथट शेपटीमुळे ह्या बिचाऱ्याला लोक दोन तोंडांचा साप म्हणतात आणि त्याच्यामुळे गुप्तधन मिळते, दुर्धर रोग बरे होतात अशा थापा पसरवतात. ह्या थापांपायी लाखो रुपयांचे सौदे ठरतात आणि मांडूळ विकताना पकडलेल्या तरुणांच्या बातम्या मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र, दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत येत असतात. 'घरी जोडी ठेव, पिल्ले झाली की पैसाच पैसा' असे कोणी मुलाला सांगत असेल तर तो त्याला तुरुंगाची वाट दाखवीत आहे, हे ओळखा.

परदेशी साप : दुकानात मिळतो म्हणून मोकळा नाही

मोबाईलवर आपली मुले जे पाहतात ते बहुधा दोन सापांचे असते. एक पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. घाबरला की चेंडूसारखे वेटोळे करतो म्हणून हे नाव. दुसरा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी, स्वभावाने शांत. परदेशात हौशी लोक अनेक पिढ्यांपासून त्यांची पैदास करीत आले आहेत.

आपल्याकडे ते येतात कसे, याचे एक उदाहरण. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांना ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत ते लपवले होते. जून २०२५ मध्ये त्याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे विषारी सापांचा मोठा साठा सापडला. आपल्या दवाखान्यातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनलेली आहे. परदेशी विषारी साप चावला तर तिचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा अशा सापाशी खेळणारा स्वतःबरोबर घरच्यांचा जीवही टांगणीला लावतो.

वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधी 'साइटीस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारत त्यात सामील आहे. त्या करारातील प्राणी आता आपल्या कायद्याच्या परिशिष्ट ४ मध्ये आले आहेत. बॉल पायथन त्यात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम काढले. त्यांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे नोंदणी करणे बंधनकारक झाले. नोंद एकदा केली की संपले असेही नाही. प्राणी दुसऱ्याला दिला, तो मेला किंवा त्याला पिल्ले झाली, तर प्रत्येक वेळी कळवावे लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नसला तरी परदेशातून कोणताही साप आणायला सरकारी परवाना लागतोच.

विकणारा म्हणतो, "कागद नंतर देतो." कागद नसलेला साप म्हणजे बहुतेक वेळा केकच्या पाकिटातून आलेला साप. त्याची पिल्लेही बिनकागदाचीच. म्हणून जबाबदारीचा पहिला नियम असा : कागद आधी, साप नंतर. आणि अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत हा विषय पालकांच्या नावाने आणि संमतीनेच.

पिल्ले काढणे म्हणजे किती काम?

समजा, कागदपत्रे अगदी चोख आहेत. घरात एक कायदेशीर कॉर्न स्नेक आहे. आता नवख्या माणसाने पिल्ले काढावीत का? अनुभवी पाळणारे पहिल्या दोन-तीन वर्षांत 'नको' असेच सांगतात. त्याची कारणे समजून घेऊ.

मादीची तयारी : कॉर्न स्नेकची मादी निदान तीन वर्षांची, सुमारे तीन फूट लांब आणि तीनशे ग्रॅम वजनाची झाल्याशिवाय तिला नराजवळ सोडू नये, असा पाळणाऱ्यांत संकेत आहे. बॉल पायथनच्या मादीचे वजन साधारण दीड किलो व्हावे लागते. कोवळ्या किंवा अशक्त मादीची अंडी पोटात अडकतात. अशी मादी पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय वाचत नाही, कधी शस्त्रक्रियेनेही वाचत नाही. आपल्या भागात गाई-बैलांचे डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचेही आता मिळतात; पण सापावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर शोधायला नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागेल. 'माझ्या मादीची अंडी अडकली तर रात्री अकराला मी कोणाला फोन करीन?' या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने पैदास सुरू करू नये.

अंड्यांची निगा : कोंबडीची अंडी खुडूक कोंबडी फिरवत राहते. सापाच्या अंड्यांचे तसे नाही. अंडे घातल्यानंतर गर्भ आतून कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. म्हणून जाणकार अंड्यावर पेन्सिलने खूण करतात आणि वरची बाजू वरच ठेवतात. कवच कडक नसते, चामड्यासारखे मऊ असते व बाहेरचा ओलावा शोषते. हवा कोरडी झाली की अंडे सुरकुतते, फार ओली झाली की बुरशी चढते. कॉर्न स्नेकच्या अंड्यांना सुमारे २६ ते २९ अंश उष्णता आणि दोन महिने लागतात. बॉल पायथनला ३१-३२ अंश आणि ५५ ते ६० दिवस. आता आपला उन्हाळा आठवा. पारा चाळिशीच्या वर, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. दोन-चार अंशांच्या फरकाने पिल्ले आतच मरतात किंवा पाठीचा कणा वाकडा घेऊन जन्मतात. मोबाईलवरच्या चित्रफितीत शेवटचा गोड क्षण दिसतो. त्याआधीचे साठ दिवस आणि कुजलेली अंडी दिसत नाहीत.

पिल्लांचे पोट : कॉर्न स्नेक एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते. आपण बारा पिल्ले धरू. ही पिल्ले एकत्र ठेवता येत नाहीत, एकमेकांना गिळण्याचा धोका असतो. म्हणजे बारा डबे, बारा पाण्याच्या वाट्या, प्रत्येकाला उष्णतेची सोय. पहिली कात टाकल्यावर ती खायला लागतात आणि खातात काय? उंदराची नवजात पिल्ले. आठवड्याला एक धरली तरी वर्षाला १२ गुणिले ५२, म्हणजे ६२४ उंदीर. काही पिल्ले खातच नाहीत. त्यांच्यामागे आठवडेच्या आठवडे बसावे लागते. घरात रोज देवपूजा आणि उपासतापास करणाऱ्या आजीला शीतकपाटात गोठवलेले उंदीर चालतील का, हेही आधीच विचारून घ्यावे.

आयुष्य : नीट ठेवला तर कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो, बॉल पायथन वीस-तीस वर्षे. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने जुलै २०२० मध्ये ७ अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते. विशेष म्हणजे निदान पंधरा वर्षे ती नराच्या जवळही आली नव्हती. सापाची मादी नराचे बीज दीर्घकाळ साठवू शकते आणि काही वेळा नराशिवायही अंडी धरू शकते. म्हणून 'माझ्याकडे एकटी मादी आहे, पिल्लांचा प्रश्नच नाही' असेही कोणी म्हणू नये. आज नववीत असलेला मुलगा साप घेईल, तो साप त्याच्या लग्नातही हजर असेल आणि कदाचित त्याच्या मुलाच्या मुंजीतही.

रंगांचा मोह

बॉल पायथनचे शेकडो रंगप्रकार आज बाजारात आहेत आणि रंगावर किंमत ठरते. ह्या रंगांसाठी बहीण-भाऊ, आई-मुलगा अशा नात्यांत पैदास होते. आपल्याकडे गावरान गाईच्या वळूची निवड करतानाही शहाणा शेतकरी नाते पाहतो, येथे मात्र पुष्कळजण पाहत नाहीत. 'स्पायडर' नावाचा एक सुंदर जाळीदार प्रकार आहे. त्याच्या रंगाबरोबरच आतील कानाचा जन्मजात दोष येतो. असा साप डोके हलवत राहतो, तोल जातो, भक्ष्यावर झेप घेताना चुकतो. रंग हवा म्हणून जाणूनबुजून आजारी पिल्ले जन्माला घालणे हे पाप आहे, असे मला वाटते. ज्या जोडीची पिल्ले निरोगी निघणार नाहीत, ती जोडी लावायचीच नाही, हा जबाबदार पैदाशीचा गाभा आहे.

नको झालेली पिल्ले कुठे जातात?

बारा पिल्लांपैकी चार मित्रांनी घेतली, दोन मेली. सहा उरली. ती कोणी घेईना. मग एका रात्री माणूस त्यांना जाम नदीच्या काठावर सोडून येतो आणि 'मी त्यांना मुक्त केले' असे समाधान मानतो.

ह्या 'मुक्तीने' काय होते ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पाहावे. तेथे ब्रह्मदेशी अजगर हौसेने आणले गेले. मोठे झाल्यावर लोकांनी ते दलदलीत सोडले. शिवाय १९९२ च्या मोठ्या वादळात एक पैदास केंद्रच उद्ध्वस्त झाले. २००० च्या सुमारास तज्ज्ञांच्या लक्षात आले की हे अजगर तेथे स्वतःच वाढू लागले आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार एव्हरग्लेड्स भागात रस्त्याकडेला दिसणाऱ्या रकून प्राण्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटले होते. अजगरांबरोबर फुप्फुसातला एक परजीवीही आला आणि तो तिथल्या मूळच्या सापांना लागला. विचार करा, सुरुवात काही दुष्टपणाने झाली नव्हती. सुरुवात हौसेने झाली होती.

आपल्या शिवारात धामण उंदीर खाते म्हणून तूर आणि गहू वाचतो. उद्या परदेशी सापाचा रोग आपल्या धामणींना लागला तर उंदरांची चांदी होईल. म्हणून नियम साधा आहे : पाळलेला परदेशी साप रानात कधीही, कोणत्याही कारणाने सोडायचा नाही. ज्यांना पिल्ले द्यायची त्यांची नावे, त्यांची कागदपत्रे आणि त्यांची तयारी अंडी होण्यापूर्वीच ठरलेली हवी. नसेल तर अंडीच होऊ द्यायची नाहीत.

हे काम नीट कोण करते?

सापांची शास्त्रीय देखभाल आपल्या देशात होतच नाही असे नाही. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान १९८६ पासून आहे. त्यामागे नीलिमकुमार खैरे यांचे कष्ट होते. सापाविषयी लोकांची भीती जावी म्हणून त्यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते. ते अनुकरण करण्यासाठी नाही, पण त्यानंतर त्यांनी आयुष्यभर केलेले लोकशिक्षण मात्र अनुकरणीय आहे. मंगळूरच्या पिलिकुळा उद्यानात नागराजाची बंदिस्त जागेत पैदास झाली. तमिळनाडूत इरुळा जमातीची सहकारी संस्था १९७८ पासून परवान्याने साप पकडते, विष काढते आणि काही आठवड्यांनी साप पुन्हा रानात सोडते. त्या विषापासून आपल्या दवाखान्यातली लस बनते.

पण तज्ज्ञांच्या हातीही सर्व काही सुखरूप होते असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पिलिकुळाहून आपल्या भोपाळच्या वनविहारात नागराज आणला गेला. वाजतगाजत आलेला तो साप जूनमध्ये मरण पावला. डॉक्टर, परवानगी, कर्मचारी सर्व असताना ही स्थिती. मग घरातल्या खोक्याचे काय?

आपल्या वावरातली अंडी

आता त्या डब्याकडे वळू. आपल्याकडे नागीण साधारण एप्रिल ते जुलै या काळात बारा ते तीस अंडी घालते आणि पुष्कळदा त्यांच्याजवळ थांबते. सात ते दहा आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. नागाच्या पिल्लाच्या विषग्रंथी पहिल्या दिवसापासून काम करतात. परड आणि फुरसे अंडी घालत नाहीत, थेट पिल्ले देतात. परडीला एका वेळी वीस ते चाळीस पिल्ले होतात. आपली अजगरीण अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि अंगाचे स्नायू आकसून उष्णता तयार करते. पोटाला अन्न नाही, पण जागा सोडत नाही.

नाग, धामण यांची अंडी दिसायला सारखीच असतात. माझी चूक येथेच झाली. अंड्यावरून साप ओळखण्याचा आत्मविश्वास कोणी बाळगू नये.

पऱ्हाटी, कुटार, शेणखताचा उकिरडा, जुनी वीट-कवेलू यांच्या ढिगात ऊब आणि ओलावा असतो, म्हणून मादी तेथे येते. अंडी दिसली तर हे करा :

१. हात लावू नका, फिरवू नका. ढीग होता तसा झाकून दूर व्हा. मादी जवळ असू शकते.

२. जागा घरापासून लांब असेल तर तिथले काम दोन-अडीच महिने पुढे ढकला. जागेवर काठी रोवून घरच्यांना सांगून ठेवा.

३. जागा अंगणात, गोठ्यात किंवा शाळेत असेल तर वनविभागाच्या रेंज कार्यालयाला कळवा. अंडी हलवायची की नाही ते त्यांनी ठरवायचे.

४. ढीग उपसताना हातात काठी, पायात बूट. रात्री बाहेर पडताना बॅटरी. उघड्या हाताने कुटार काढू नका.

५. दंश झालाच तर बांधू नका, कापू नका, चोखू नका, झाडफुंक करीत बसू नका. दंशाचा अवयव न हलवता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. साप पकडायच्या किंवा मारायच्या मागे लागू नका.

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. मध्य प्रदेश हे जास्त झळ बसलेल्या राज्यांपैकी एक आहे आणि मरणाऱ्यांत बहुसंख्य खेड्यातले, शेतात राबणारे लोक आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या घरचे.

शाळेने आणि घराने काय करावे?

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती. शाळेच्या कोणत्याही प्रदर्शनात, प्रकल्पात किंवा कार्यक्रमात जिवंत साप, अंडी वा पिल्ले आणू नयेत, असा लेखी ठराव करावा. नागपंचमीला साप घेऊन येणाऱ्याला आवारात बोलावू नये. साप दूध पिणारा प्राणी नाही, हे आपण वर्गात शिकवतो, ते अंगणातही पाळावे. त्याऐवजी आपल्या भागातील सापांचे मोठे रंगीत तक्ते, प्रयोगशाळेमागच्या कचऱ्याच्या ढिगाची दर महिन्याला सफाई आणि दवाखान्याचे क्रमांक प्रत्येक वर्गात, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

पालकांना विनंती. मुलाला सापाची आवड असेल तर 'शी, फेक ते' म्हणून गप्प बसवू नका. गप्प बसलेली आवड पलंगाखालच्या डब्यात जाते. त्याच्याशी बोला, पुस्तक आणून द्या, सुट्टीत पुण्याचे सर्पोद्यान किंवा भोपाळचे वनविहार दाखवा. श्रावणात आपल्यापैकी पुष्कळ घरची माणसे नागद्वारीच्या यात्रेला पचमढीचे डोंगर चढतात. नागाला देव मानणाऱ्यांच्या घरात नागाची अंडी खेळायला काढली जाऊ नयेत, एवढे तरी आपण करू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगणे आहे. प्राणी पाळण्याआधी पाच प्रश्न वहीत लिहा. कायदा परवानगी देतो का? वीस वर्षे मी त्याला सांभाळीन का? तो आजारी पडला तर डॉक्टर कुठे आहे? त्याची पिल्ले कुठे जातील? मी घरी नसताना त्याला कोण पाहील? एकाही प्रश्नाचे उत्तर 'बघू' असे येत असेल तर तो प्राणी अजून तुमचा नाही.

त्या डब्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. आम्ही रेंज कार्यालयात फोन केला. तेथून आलेल्या वनरक्षकांनी अंडी तपासली आणि ढीग घरापासून दूर आहे हे पाहून ती त्याच धुऱ्यावर, त्याच ओलाव्यात परत ठेवायला लावली. आजोबांनी तेवढी जागा सोडून बाकीचे काम उरकले. मुलगा रोज संध्याकाळी वीस पावलांवरून बघायचा आणि वहीत तारीख, पाऊस, ऊन यांची नोंद करायचा. पोळा झाला, गोटमार झाली. नंतर एक दिवस वनरक्षकांबरोबर जाऊन ढीग पाहिला, तर आठ टरफले एका बाजूने ब्लेडने चिरल्यासारखी उघडलेली. पिल्लू नाकावरच्या बारीक दाताने कवच तसेच चिरते. तीन अंडी मात्र सुरकुतून गेली होती. डब्यातला तो एक दिवस त्यांना भोवला की ती मुळातच फोल होती, हे सांगता येत नाही.

साप कोणता होता तेही कळले नाही. मुलाने विज्ञान प्रदर्शनात ती वही ठेवली. एकही साप नव्हता, पण वही वाचायला दिवसभर रांग होती. शेवटच्या पानावर त्याने लिहिले होते, "आठ गेली, तीन राहिली. पुढच्या वेळी डबा नेणार नाही."

वीस वर्षांपूर्वी माझ्या वहीत हे वाक्य असायला हवे होते.